पेशंट जावई

जावयाला बोललेलं लागतच नाही, ही राहीबाईची तक्रार होती.

लढाई संपली आणि लग्नानंतर पाच वर्षांनी अर्जुना पाटणला आला, बायकोला, शालूला न्यायला. सासूनं जावयापुढं यायचं नाही, म्हणून राहीबाई दाराआडून बोलत होती. लग्न लावून पोरगी टाकून गेलात, म्हणाली. घरात मांजर ठेवलं तरी माणूस त्याची चौकशी करतो, म्हणाली. हा आपला सोप्यात बसून तंबाखू मळतोय. समोर येऊन कुणी बोललं की मात्र हसून उत्तर द्यायचा.

त्याच संध्याकाळी त्याच्या पलटणीतला जुना हवालदार लालासाहेब भेटून गेला. जाताना राहीबाईला म्हणाला, "आमचा सायेब म्हणायचा, अर्जुना लय पेशंट हाय."

हा शब्द राहीबाईला ठाऊक होता. मिरजेच्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याला पेशंट म्हणायचे. तो तिथून चालत आला नाही.

तिनं शालूचं बांधलेलं गाठोडं सोडलं. दुखणाइताबरोबर लेक धाडायची नाही. शालू चुलीकडं तोंड करून बसली.

सकाळी राहीबाई गुणमालाकडं गेली. ही शेजारच्या जैन व्यापाऱ्याची सून, सांगलीला इंग्रजी शिकलेली. या दुखण्याला औषध काय, असं विचारल्यावर गुणमाला हसायला लागली.

"मावशी, माणसाच्या वागण्याला पेशंट म्हटलं की त्याचा अर्थ सोशिक. कुणी कितीही बोललं तरी चिडत नाही, असा."

राहीबाईच्या डोक्यावरचा भारा उतरला. आजाऱ्याला तोच शब्द आणि सोशिकाला तोच. एवढं मोठं राज्य आणि भाषेत एवढी कंजुषी, असं इंग्रजाला नावं ठेवत ती घरी आली. गाठोडं पुन्हा बांधून घेतलं. मग दाराआड उभी राहून, जन्मात कुणाला म्हणाली नव्हती ते म्हणाली.

"पाव्हणं, माजं चुकलं. लय टाकून बोलले तुमास्नी."

अर्जुना अंगणाकडं बघत राहिला. चहा घेऊन आलेल्या शालूनं दाराकडं बोट केलं, तेव्हा तो वळला.

"मामी, कवा आलासा? तोफंवर कान गेलं माजं. तोंड दिसल्याबिगर काय कळत न्हाई. कालपास्नं तुमी येक शबूद बोलला न्हाईसा, लय भ्यालो हुतो."

राहीबाई दाराआडून बाहेर आली आणि थेट त्याच्या समोर बसली.

"चुकलं ते मी येकदाच म्हणत असते, ते गेलं," ती म्हणाली. "बाकीचं पयल्यापास्नं सांगते. बघा तोंडाकडं."