नळाचंच पाणी

"टाकली का गं?" पाणीवाल्याने खालून हाक दिली.

"टाकली!" टाकीच्या झाकणापाशी उभी असलेली बायको ओरडली, आणि बादली सांभाळत एकेक पायरी उतरू लागली.

गावाला पाणी सोडायचं काम कागदोपत्री त्याचं. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून शिडी बायकोच्या वाट्याला आली होती. तो पुढे येऊन टाकीखाली पाणी सोडायच्या चाकापाशी बसायचा. ती घरातल्या पोत्यातून पाणी शुद्ध करायची पावडर बादलीत घ्यायची, वर फडकं झाकायची आणि मागून यायची. पावडर उडून डोळ्यांत गेली की काही खरं नसतं. ती खाली आली की तो चाक फिरवायचा आणि गावाचे नळ सुरू व्हायचे.

हे नळ नवे होते तेव्हा लोकांनी त्याला काय कमी छळलं? पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून सगळे पुन्हा ओढ्यावर जायला लागले. "पाणी सोडतोस की फिनेल?" असं चारचौघांत विचारायचे. शेजारच्या सुताराने तर भरलेली कळशी त्याच्या दारात आणून ओतली. पाणीवाल्याने फडकं घेऊन उंबरा पुसला. बायको मात्र त्या दिवशी जेवली नाही. इतका सरळ माणूस, आणि कोणीही उठून त्याला बोलावं!

एक नर्सबाई तेवढी त्याच्या बाजूने होती. "काका, वास येतोय ना? मग पाणी चांगलं आहे," ती म्हणायची. "धीर धरा, लोकांना सवय होईल."

आणि झाली की सवय! एकेक करून कळश्या नळावर परतल्या. टोमणे बंद झाले. सुतारच एकदा वाटेत थांबून म्हणाला, "आता कसं, पाणी गोड लागतंय!" त्या दिवशी पाणीवाला गुडघे विसरून घरी आला.

"बघ, आलं की नाही लोकांना कळून?" तो म्हणाला.

बायको हसली. कितीतरी दिवसांनी त्याला असं पोटभर जेवताना बघत होती.

गावात सगळ्यांत स्वच्छ संडासही त्यांचाच. माशी म्हणून फिरकत नसे. शेजारणी थट्टा करायच्या, "तुमच्याकडे काय बाई, संडासात पंगत बसवावी!"

मग जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी वरच्या गल्लीत, मग सगळीकडे. नर्सबाई घरोघर पळत सुटली.

"काका, पावडर रोज पडते ना? खरं सांगा."

"ताई, मी स्वतः खाली हजर असतो. एक दिवस चुकलेला नाही."

"पाण्यात पावडर आहे का ते तपासायचं औषध संपलंय हो माझ्याकडचं. मागून मागून थकले, पाठवतच नाहीत." तिने कपाळ पुसलं. "म्हणजे लाइन फुटली असणार."

लोकांनी लाइन उकरली. गटाराला लागून एक सांधा गळका निघालाच. सगळ्यांना हायसं वाटलं. सांधा बदलला, चिखल उपसला, नर्सबाईने पुन्हा घरोघर सांगितलं की आता काळजी नाही. पण खाटा काही रिकाम्या होईनात. सुताराची आई गेली. सुतार दारात येऊन बसला, पण पाणीवाल्याला एका शब्दाने बोलला नाही. "तू तुझं काम केलंस बाबा," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या, असं पाणीवाल्याला वाटलं.

आणि मग त्याची नात आजारी पडली.

सकाळी पोर अंगणात धावत होती. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. रडायला तोंड उघडायची, पण डोळ्यांतून टिपूस निघत नव्हतं. दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, ती संध्याकाळशिवाय परतणार नव्हती.

नर्सबाईने सुनेला जवळ बसवलं. "मीठ-साखरेचं पाणी. चमचा चमचा, थांबायचं नाही. गाडी येईपर्यंत ती त्यावरच टिकेल. आणि नळाचंच पाणी घ्यायचं हं, ओढ्याचं अजिबात नको."

"टाकीतसुद्धा ओढ्याचंच चढतं ना?" सुनेने विचारलं.

"चढतं ओढ्याचंच. पण पावडरीने त्यातले जंतू मरतात. नाहीतर दोन्ही पाणी एकच."

पायाशी बसलेल्या आजीचा हात नातीच्या तळव्यावर थांबला.

"माझंच चुकलं," पाणीवाला भिंतीला टेकून पुटपुटत होता. "थोडी जास्त टाकायला हवी होती. उद्यापासून वाढव गं."

सुनेने वाटीत पाणी ढवळलं. चमचा भरून तिने पोरीच्या ओठांशी नेला.

आजीने झडप घालून तो उडवला. वाटी फरशीवर पालथी झाली.

"अगं, वेड लागलं का तुला?" पाणीवाला ओरडला.

"नका पाजू तिला ते," ती म्हणाली. "अहो, लोक तुम्हाला बोलायचे थांबले, ते मी पावडर टाकायची थांबले म्हणून."