सहावा ताप

लेकीच्या चीअरलीडिंगच्या स्पर्धा नेमक्या शाळेच्या दिवशीच येतात. मुलींनी एकमेकींवर चढून मनोरा रचला की सगळ्यांत वर आमचं सात वर्षांचं पिल्लू उभं राहतं, त्यामुळे तिच्यावाचून टीमचं पान हलत नाही. मग मी वर्गाच्या बाईंना मेसेज टाकते, 'ताप आहे, आज येणार नाही.' या वर्षातला हा सहावा ताप.

आजही एका हाताने तिच्या केसांना चमकी लावत दुसऱ्या हाताने तेच लिहिलं, तिला ऐकू जाईल असं पुटपुटत. बाईंचं लगेच उत्तर आलं, 'पोरीला जपा हो.' मी हसून फोन पर्समध्ये टाकला.

स्पर्धेत मनोरा उभा राहिला. ती वर चढली, डुलली आणि खालच्या मुलींच्या हातांत कोसळली. धावत जाऊन उचललं, तर अंग तव्यासारखं तापलेलं.

"अगं, ताप आलाय हे सकाळीच सांगायचं नाही का मला?"

तिने माझ्या खांद्यावर मान टाकली.



"पण आई, ताप तर शाळेला सांगायचा असतो ना?"