गव्यासाठी रायफल

दुकानदाराने हलकी रायफल काढून ठेवली ती रामोजींपुढे. शेजारी उभी असलेली त्यांची सून, द्वारका, जणू त्याला दिसलीच नव्हती. "गव्याला ही पुरे," तो म्हणाला.

मोतीबिंदूने रामोजींचा नेम गेला होता. दोन माणसं मारणाऱ्या जखमी गव्याला टिपायचा सरकारी परवाना सुनेच्या नावावर होता. तिला शिकार रामोजींनीच शिकवली होती, तरी आता बोलायचं त्यांनी मुद्दाम तिच्यावरच सोडलं.

"आमच्या गावच्या पाटलांनी असल्याच रायफलीने त्याला जखमी केलं," द्वारका म्हणाली. "गोळी खांद्याच्या हाडातच अडकली. काळजापर्यंत पोचेल अशी हवी. ती तीनशे पंचाहत्तर बोअरची जड रायफल काढा."

"बाई, तिचा धक्का भल्याभल्यांना सोसत नाही!"

मागच्या आवारात नेमासाठी लावलेल्या फळीवर तिने त्या रायफलीचा बार काढला. गोळी फळीच्या मधोमध लागल्याचं रामोजींना दुकानदाराच्या "अरे बापरे!"वरूनच कळलं.

तरी तो पुन्हा त्यांच्याकडेच वळला. "कधी निघणार शिकारीला?"

"मला काय विचारता? शिकारी या आहेत," रामोजी म्हणाले. ती लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मग काडतुसांची जड पेटी स्वतः उचलून ते ताठ मानेने तिच्या मागोमाग निघाले.