गालातली पुडी

ग्यानोबानं तोंडात दोन बोटं घातली आणि गालाआडची पुडी बाहेर काढली. लाळेचा धागा हनुवटीपर्यंत लोंबला. तो त्यानं बाहीनं पुसला आणि पुडी शिवप्पांपुढं धरली.

शिवप्पांनी हात मागं घेतला.

"घ्या की मालक. गांजाच हाय, इंचू न्हाई."

"तोंडात ठिवून आणतोस व्हय रे?"

"मग कुठं ठिवू? लातूर जिल्हा झाला. नवा साहेब, नवे शिपाई. उदगीरच्या स्टँडावर पिशव्या झाडतेत, धोतर झाडतेत. तोंडात कुणी हात घालत न्हाई. घातलाच तर गिळून टाकायची."

"आमच्या वक्ताला सरकारी ठेक्याच्या दुकानात तोलून, कागदात बांधून देत होते."

"तवा पाऊस बी पडत होता," ग्यानोबा म्हणाला आणि हसला. हसता हसता खोकायला लागला. ओट्यावरून वाकून धुळीत थुंकला. थुंकीत लाल होतं. त्यानं पायानं माती लोटली.

"औषध घेतोस का त्याला?"

"पंधरा दिस घेतलं. बरं वाटलं, सोडलं."

शिवप्पांनी शेवटी पुडी घेतली. ती कोमट होती. प्लास्टिक दातानं फाटलं होतं, आतला पाला ओला झाला होता. मागच्या खेपेचा माल विषारी फवारा मारलेला निघाला होता. बायकोला, शरणम्माला, दोन दिवस उलट्या झाल्या. तरी आज पुन्हा ह्याच्याच तोंडाकडं बघावं लागत होतं. देवणीत दुसरा कुणी आणून देत नव्हता.

शरणम्मा आत पडून होती. पोटात गाठ होती आणि लातूरच्या डॉक्टरांनी 'घरी न्या' एवढंच सांगितलं होतं. हा पाला गुळात वाटून हरभऱ्याएवढी गोळी दिली की बायको चार तास झोपायची. गांज्याचं नाव ऐकलं असतं तर तिनं तोंड उघडलं नसतं. म्हणून शिवप्पांनी सांगून ठेवलं होतं, मठातलं औषध आहे, स्वामी देतात.

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

"औषध आलंय मठातलं," शिवप्पा बोलून गेले.

"म्हंजे स्वामी आलेत? दारातून पाठवू नका. आत आणा. पायाचं तीर्थ घेतल्याबिगर मी आता गोळी घेणार न्हाई."

मठातले जंगम स्वामी घरी आले की त्यांचे पाय धुवून ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं, ही त्या घरची रीत होती. ग्यानोबालाही ते ठाऊक होतं. त्यानं चपला पायात सरकवल्या.

"मी चाललो."

शिवप्पांनी त्याचं मनगट धरलं. कोनाड्यातली विभूती घेतली आणि त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढली.

"मालक, येवढं पाप नका लावू मला. मी काय जंगम हाय का?"

"तोंड उघडू नको. चार दिवस झोपली न्हाई ती."

आत अंधार होता. शरणम्माला आताशा धड दिसतही नव्हतं. भिंतीचा आधार घेत ती उठून बसली. शिवप्पांनी ग्यानोबाच्या पायांखाली ताट ठेवलं आणि घरात होतं तेवढं पाणी तांब्यात घेऊन ओतत राहिले. पाय तिनं स्वतःच्या हातानं धुतले.

"भेगा लई पडल्यात, स्वामी. आमच्यापायी उन्हात लई चालता."

ग्यानोबा आढ्याकडं बघत होता. त्याला खोकला आला. त्यानं तो दाबला, पुन्हा दाबला, मग दाबता येईना. थुंकीचा शिंतोडा ताटात पडला आणि पाण्यावर पसरला.

शिवप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"थांब," ते म्हणाले.

शरणम्मा थांबली. हात ताटात तसाच. "काय झालं?"

ओली पुडी शिवप्पांच्या मुठीत होती. खरं सांगितलं तर तिनं ती चुलीत टाकायला लावली असती, ही आणि ह्यापुढची प्रत्येक. आणि मग रात्र-रात्र कण्हत पडली असती.

"काही न्हाई. सावकाश घे."

तिनं तळहातावर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्याली. असं तीनदा. ओला हात केसांवरून फिरवला. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा निवळलेला दिसला.

मग तिनं ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि नवऱ्यापुढं धरलं. तळाशी मातकट पाणी हिंदकळत होतं.

"तुम्ही बी घ्या," ती म्हणाली. "तुमच्या पुण्याईनं स्वामी दारात आले."

ग्यानोबानं मान फिरवली. शिवप्पांनी ओंजळ केली.