बिल्ला

शिलाईच्या कारखान्यात संडास एकच होता. बायकांना जायचं तर मुकादमाकडचा लाकडी बिल्ला मागून गळ्यात घालावा लागे. पुरुष तसेच जात. युनियनमधली भांडकुदळ बाई मालकांशी यावरूनच बोलायला गेली, तर तिथंच बसलेले युनियनचे अध्यक्षच खेकसले, "लढा पोटासाठी असतो, बाई. संडासासाठी नव्हे." मालकांना हे फार पटलं. त्यांनी अध्यक्षांसोबत चहावर चहा घेतला आणि बाईला कामावरून काढलं. बाईनं जाताजाता मुकादमाच्या टेबलावरचा बिल्ला उचलला आणि संडासाच्या दारात स्टूल टाकलं. मशीनवरून उठून साऱ्याजणी रांगेत उभ्या राहिल्या. तासाभरानं मालक लगबगीनं आले. "बाजूला हो." "बिल्ल्याशिवाय नाही, साहेब. रांग आहे." "पोलीस बोलावीन." "बोलवा की. त्यांनाही बिल्ला लागेल." मालकांनी चिडून अध्यक्षांना हाक मारली. अध्यक्ष रांगेच्या टोकाला पाय आवळून उभे होते. "माझ्या मागे या," ते म्हणाले.