धावपट्टीजवळचं झाड

विमान उडवायचा कॉम्प्युटर गेम मी एकटीने बनवला, तोही जेवणाच्या टेबलावर बसून. विमानतळांचे नकाशे विकणाऱ्या बड्या कंपनीचा परवाना घ्यायला मी साफ नकार दिला होता. शहराबाहेरची छोटी धावपट्टी मी आणि बाबांनी उन्हात टेप धरून मोजली. बाबांची अख्खी नोकरी तिथल्याच कंट्रोल टॉवरमध्ये गेली.

गेम लोकांना आवडायला लागला आणि कंपनीचा वकील थेट घरी येऊन धडकला.

"आमचा नकाशा चोरलात तुम्ही. गेम बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू."

"उगाच आवाज चढवू नका. पुरावा दाखवा," मी म्हणाले.

त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. कंपनीच्या ताज्या नकाशात धावपट्टीच्या टोकाला एक झाड होतं, वैमानिकांनी जपून उतरावं म्हणून लाल खूण केलेलं.

"हेच झाड, याच जागी, एवढ्याच उंचीचं तुमच्या गेममध्ये आहे. आता बोला!"

बाबांना हसू आवरेना. वकील चिडला. मी त्याचा लॅपटॉप शांतपणे मिटून त्याच्या हातात दिला.

 

"वकीलसाहेब, तिथे एक झाड लावू द्या म्हणून बाबा रिटायर होईपर्यंत विमानतळाच्या साहेबांच्या मागे लागले होते, पण विमानांना अडथळा नको म्हणून कुणी लावू दिलं नाही, म्हणून ते मी फक्त माझ्या गेममध्ये लावलं, तेव्हा परवाना कुणी कुणाकडून घ्यायला हवा होता, ते आता कोर्टातच ठरू दे."