गाडी जाईपर्यंत

"तुम्ही नको म्हणालात तर मी आजच नाही म्हणून कळवते," रेनिटा वडिलांना म्हणाली. "पण मनात एक आणि तोंडावर एक असं करू नका, बाबा."

एझेल टॉलिव्हर ओसरीच्या कठड्याला पाय लावून बसले होते. रेनिटा त्यांच्या मागे, दाराशी. तिला दूर डेन्व्हरच्या एका दवाखान्यात नोकरी मिळत होती, पगार दीडपट, आणि उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. लेक आणि आठ वर्षांची नात ओपल गेल्या की घरात एझेल एकटे उरणार होते.

"मी कशाला नको म्हणू?" ते म्हणाले. "मी म्हणतो..."

तेवढ्यात रेल्वे फाटकाची घंटा वाजायला लागली आणि ते थांबले.

बेलफोर्डमध्ये हे असंच आहे. रूळ गावाच्या मधोमध जातात, कारण रूळ आधी आले आणि गाव मागून. आता जुन्या स्टेशनात आइस्क्रीम मिळतं, मालधक्क्याच्या जागी झोपाळे नि घसरगुंड्या आहेत, आणि शाळा चांगल्या म्हणून अटलांटाहून लेकुरवाळी माणसं इथे राहायला येतात. ही नवी माणसं गाडी आली की ओरडून बोलतात. जुनी माणसं वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे उचलतात. आमच्या पाद्रीबाबांनी एका लग्नात नवऱ्यामुलाला 'हो' म्हणायला चार मिनिटं ताटकळत ठेवलं होतं.

पण तोंड मिटूनच बसायला हवं असं काही नाही. गाडी जात असताना काय हवं ते बोलावं. ते कोणी ऐकलेलं नसतं, आणि चुकून ऐकलं असलं तरी मागाहून काढायचं नसतं. एझेलनी एकेचाळीस वर्षं रेल्वेच्या यार्डात डबे जोडले नि सोडवले, आणि साहेबाचा उद्धार रोज असाच केला. बायको गेली तेव्हा ते रडलेही असेच.

ओपल खालच्या पायरीवर आजोबांकडे तोंड करून शेंगा सोलत होती. गाडी आली की ती कानांतली ऐकायची यंत्रं काढून खिशात टाकते, कारण तो खडखडाट यंत्रातून सोसवत नाही. आजही टाकली. आजोबा तिच्या डोक्यावरून समोरच्या रुळांकडे बघत होते.

"जाऊ नका गं," ते म्हणाले. "मला भीती वाटते. शाळेची बस येईल आणि इथे कोणी उतरणारच नाही. मग मी इथे बसून करू काय?"

सगळा जन्म त्या खडखडाटाच्या भरवशावर काढलेला माणूस. ओपलला मात्र ओठ पुरत होते. यंत्रं यायच्या आधीपासून ती ओठच वाचत आली होती.

शेवटचा डबा गेला. घंटा थांबली.

"...मी म्हणतो, जा," एझेल म्हणाले. "अशी नोकरी पुन्हा चालून येत नाही. मला काय धाड भरलीय इथे?"

रेनिटाने सुस्कारा सोडला. तिला हलकं वाटलं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं. तिने फोन काढला आणि उत्तर लिहायला घेतलं.

ओपलने यंत्रं कानांत घातली. गेल्या वर्षी गाडी जाताना तिने घर सोडून गेलेल्या आपल्या बापाला नाही नाही ते बोलून घेतलं होतं, आणि शेजारी बसलेल्या आजोबांनी त्यातला शब्दही कधी काढला नव्हता.

ती उठली, आईसमोर जाऊन उभी राहिली आणि हात सरळ खाली सोडून आडवा झुलवू लागली, इकडून तिकडे, इकडून तिकडे. यार्डात इंजिन थांबवायचा इशारा. आजोबांनी तिला तो चौथ्या वर्षीच शिकवला होता.

रेनिटाही यार्डवाल्याची लेक. तिचं बोट होतं तिथेच थांबलं.

"काय झालं? कशासाठी थांबू?"

"ते नाही सांगता येत," ओपल म्हणाली. "गाडी जाताना बोललंय."

एझेल शेंगांच्या परातीकडे बघत राहिले. त्यांचे कान तापले होते.

"पुढची गाडी कधी आहे?" रेनिटाने विचारलं.

"सहा वीसला," ते पुटपुटले.

रेनिटाने फोन उपडा ठेवला. खुर्ची उचलून वडिलांच्या समोर आणून मांडली, रुळांकडे पाठ करून, आणि परात मांडीवर घेतली.

"मग बसू या तोवर," ती म्हणाली. "आणि या खेपेला माझ्याकडे बघून बोला."